सातशे मीटर फक्की, अठरा जर्सी

छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघानं स्पर्धा जिंकली की दुसऱ्या दिवशी जिमखान्याबाहेरच्या फलकावर फोटो लागतो. मधोमध खुर्चीवर प्राचार्य, शेजारी जिमखान्याचे सर, मागे उभी पोरं, पुढे एक गुडघा टेकून बसलेली पोरं, आणि सगळ्यांच्या पुढ्यात चषक. जर्सी मोजल्या तर अठरा भरतात. त्यातल्या चार-पाच इतक्या स्वच्छ असतात की त्या आदल्या दिवशी मैदानात उतरल्याच नव्हत्या, हे लांबूनही कळतं. गोल मारणाऱ्याबद्दल सगळेच बोलतात. मला त्या स्वच्छ जर्सींपासून सुरुवात करावीशी वाटते.

छोटं कॉलेज म्हणायचं तरी कशाला? मोठ्या कॉलेजात निवड चाचणीला ऐंशी पोरं येतात आणि अठरा घेतली जातात. छोट्या कॉलेजात अठरा येतात आणि अठराही घेतली जातात. कधी सोळाच येतात, मग उरलेले दोन कॅन्टीनमधून उचलून आणायचे. त्यातला एखादा शाळेत हँडबॉल खेळलेला निघतो, तो पुढे दुसरा कीपर होतो. नेरुळ, वाशी, ऐरोली, कळवा, ठाणे या पट्ट्यात अशी कॉलेजं पुष्कळ आहेत. तळमजल्यावर जिमखान्याची एक खोली, त्यात कॅरमचे दोन बोर्ड, टेबल टेनिसचं एक टेबल, आणि कोपऱ्यात जाळीच्या पिशवीत सहा फुटबॉल, त्यातले दोन हवा न धरणारे. स्वतःचं मैदान नसतंच. सेक्टरमधलं सार्वजनिक मैदान सकाळी साडेसहा ते आठ मिळतं. आठ वाजता टेनिस बॉल क्रिकेटवाले येतात आणि त्या मैदानावर त्यांची वहिवाट जुनी आहे, त्यामुळे आठला पाच कमी असताना बॉल पिशवीत गेलेले बरे.

याच नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथेच सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली आणि स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. तिथलं हिरवंगार गवत आणि सेक्टरमधला लाल मुरूम यांच्यात रिक्षाचं मीटर फारसं पळत नाही. पण एका जागी पाय घसरला तर जर्सी हिरवी होते, दुसऱ्या जागी गुडघ्याची कातडी जाते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीची असते. समजा २३ संघ आले. सामने होणार २२, कारण प्रत्येक सामन्यातून एकच संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो. २३ संघांना ३२ चा तक्ता लागतो, म्हणून पहिल्या फेरीत ९ संघांना पुढे चाल (न खेळताच दुसऱ्या फेरीत). ती मिळाली तर चार सामन्यांत चषक, नाही तर पाच. म्हणजे ज्याला आपण हंगाम म्हणून मिरवतो तो सगळा मिळून पाच सामन्यांचा, तेवढाही दहा-बारा दिवसांत उरकलेला. पुढे चाल मिळाली की पोरं पेढे वाटल्यासारखा चेहरा करतात. जाणत्या सरांचा चेहरा मात्र जरा उतरतो. कारण आपला पहिला सामना पडतो तो त्याच मैदानावर एक सामना खेळून, तिथली उसळी समजून घेऊन बसलेल्या संघाशी.

कितीतरी छोटे संघ मैदानावर हरण्याआधी कागदावर हरतात. पात्रता अर्जासोबत जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्र आणि फोटो लागतात. प्रत्येक अर्जावर प्राचार्यांची सही आणि शिक्का, तोही निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर. घोळ ठरलेले आहेत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. कोणाची फी हप्त्यांत, म्हणून पावती अर्धीच. कोणाची एटीकेटी, आणि ती त्यानं सरांना सांगितलेलीच नाही. प्राचार्य नेमके त्या दिवशी बैठकीला गेलेले. यावर उपाय अगदी साधा आहे: अठरा प्लास्टिकचे फोल्डर, जर्सीच्या क्रमांकानं लावलेले, झेरॉक्सचे दोन संच, आणि मूळ कागद एकाच माणसाच्या ताब्यात. पोरांच्या हातात मूळ कागद दिले की एक तरी लोकलच्या रॅकवर राहतो. अपात्र खेळाडू खेळवला म्हणून समोरच्यांनी हरकत घेतली तर तीन गोलांनी जिंकलेला सामनाही हातचा जातो. म्हणून फोटोत ऑफिसातले कारकून भाऊ असायला हवेत असं माझं मत आहे. ते कधीच नसतात.

मैदान आखायची पाळी छोट्या संघावर वर्षातून एकदा तरी येते, निदान सरावाच्या सामन्यासाठी. इथे थोडं थांबू, कारण हे काम दिसतं तितकं सोपं नाही.

मैदान १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद धरलं, तर कडेच्या रेषा ३२८ मीटर होतात आणि मधली रेषा ६४. दोन्ही मोठे चौकोन मिळून जवळपास १४७, छोटे चौकोन ५९, मधलं वर्तुळ ५७, त्यात पेनल्टीच्या कमानी आणि कोपऱ्यांचे पाव वर्तुळ धरले की बेरीज ६९५ मीटरच्या आसपास जाते. सातशे मीटर फक्की. रेषा १० सेंटिमीटर रुंद मारली तर २५ किलोच्या दोन-तीन गोण्या सहज लागतात. (नियमानं रेषा १२ सेंटिमीटरहून रुंद चालत नाही, पण हात थरथरला की ती पंधराची होते आणि गोणी लवकर संपते.) फक्की म्हणजे खडूची किंवा दगडाची भुकटी. कळीचा चुना स्वस्त पडतो म्हणून कोणी आणला तर त्याला तिथूनच परत पाठवावं. घामानं ओल्या झालेल्या अंगावर तो भाजतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा न चोळता पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुऊन थेट डॉक्टर गाठावा लागतो.

आधी एका बाजूची लांब रेषा दोरी ताणून पक्की करायची. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला तीन-चार-पाचचा जुना हिशेब: एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४, आणि दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर ५ आलं की कोपरा बसला. मोठ्या मैदानावर ९-१२-१५ घेतलेलं बरं, कारण लहान त्रिकोणातली एका बोटाची चूक शंभर मीटर पुढे हातभर होते. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजायचे. १०० बाय ६४ ला कर्ण ११८.७ मीटर येतो. दोन कर्णांत फरक आला तर मैदान पतंगासारखं तिरकं झालंय. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, त्यामुळे ९.१५ मीटरचं वर्तुळ सुरू होतं तिथे मिटत नाही. सुतळी पावसात आखडते. फायबरची मोजपट्टी असेल तर ती वापरावी. सगळ्यात नेहमीची चूक मोठ्या चौकोनाची: १६.५ मीटर मोजायचे ते गोलखांबाच्या आतल्या कडेपासून. बाहेरच्या कडेपासून मोजले तर १२ सेंटिमीटरच्या दोन खांबांमुळे चौकोन २४ सेंटिमीटरनं रुंद होतो, आणि शेवटच्या मिनिटाला त्या वीतभर जागेत कोणी पाडलं की पेनल्टीवरून अर्धा तास भांडण.

मैदानाच्या मधोमध क्रिकेटची सिमेंटची खेळपट्टी असते, २०.१२ मीटर लांब. तिच्यावर पडलेला बॉल मुरुमावर पडलेल्या बॉलपेक्षा दुप्पट उसळतो आणि सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, डोक्यावरून जातो. जागा असेल तर सगळं मैदानच बाजूला सरकवून खेळपट्टी रेषेबाहेर काढावी. नसेल तर मॅटिंग टाकून वर माती. सात वाजता हे सगळं करून पोरं कमरेवर हात ठेवून बघत उभी राहतात, आणि पारसिकच्या डोंगराकडून ढग येतात. मुरुमावरची फक्की एका सरीत वाहून जाते.

बॉलबद्दल दोन वाक्यं. पाच नंबरचा बॉल घेराला ६८ ते ७० सेंटिमीटर, वजनाला ४१० ते ४५० ग्रॅम, आणि हवा ८.५ ते १५.६ पीएसआय यांच्यामध्ये कुठेही चालते. ही मुभा एवढी ऐसपैस आहे की ९ चा बॉल आणि १३ चा बॉल हे दोन वेगळे बॉल वाटतात. मऊ बॉलवर महिनाभर सराव केलेल्या पोराचा पहिला पास टणक बॉलवर तीन फूट पुढे पळतो आणि तो स्वतःलाच शिव्या घालतो. म्हणून पंपासोबत प्रेशर गेज हवाच. सुई घालण्याआधी ती ग्लिसरीननं, निदान थुंकीनं ओली करायची. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते, आणि पिशवीतले ते हवा न धरणारे दोन बॉल असेच जन्माला आलेले असतात.

आता टर्फ. उड्डाणपुलाच्या कडेला, मॉलच्या गच्चीवर, जाळीनं बंद केलेली ही हिरवी चटई आपल्याकडे इतकी झाली आहे की आताची पोरं फुटबॉल तिथेच शिकतात. पायात बॉल छान असतो त्यांच्या, यात वाद नाही. पण पाच-पाच जणांच्या खेळात ऑफसाइड नसतो, बाहेर जाणारा बॉल जाळीला लागून परत येतो, आणि कीपरमागचा गोल जेमतेम तीन मीटरचा असतो. खरा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. टर्फवरचा कीपर पहिल्या दिवशी त्यात उभा राहिला की उघड्या दारात उभ्या केलेल्या छत्रीसारखा दिसतो. कॉर्नरला तो पुढे येत नाही, कारण उंचावरून येणारा बॉल त्यानं आयुष्यात झेललेलाच नसतो. मागचे चौघे एका रेषेत राहत नाहीत. एक पुढे धावला की बाकीचे बघत बसतात. यावर सुतळीचा उपाय जुनाच आहे आणि लागू पडतो: चौघांच्या हातात एकच लांब सुतळी, दोघांमध्ये आठ-दहा मीटर. एक सरकला की सुतळी ताणते आणि बाकीच्यांना सरकावंच लागतं. दहा मिनिटांत हसणं थांबतं, आठवड्यात सुतळी न धरताही पाय सरकायला लागतात.

स्वच्छ जर्सीवाल्यांचं काम आता येतं. मोठ्या कॉलेजला सरावासाठी दुसरा अख्खा संघ असतो, छोट्याकडे एकूण अठरा. मग अकरा विरुद्ध सात. प्रत्यक्षात दहा विरुद्ध आठ, कारण पहिला कीपर सातांच्या गोलात उभा राहतो. रिकाम्या अर्ध्यात त्याला वारा खायला ठेवून उपयोग काय? दहांनी हल्ला करायचा, आठांनी अडवायचं. आठांना सवलत एवढीच की बॉल हिसकावून तीन पासांत मधली रेषा ओलांडली तर त्यांचा गोल. आठवड्यातून चार दिवस, दोन महिने हे चाललं की एक गंमत होते. राखीव पोरांनी या काळात बचाव सोडून दुसरं काही केलेलंच नसतं, तेही दोन माणसं कमी असताना. पुढच्या सामन्यातला विरोधक डावीकडून खेळतो असं कळलं तर डावीकडून खेळायचं सोंगही सरावात हेच घेतात. समोरच्या संघाचा अभ्यास सगळ्यात पक्का कोणाचा झाला असेल तर तो बाकावरच्यांचा. उपांत्य सामन्यात सेंटर बॅकला लाल कार्ड मिळून तो अंतिम सामन्याला मुकला आणि बारा-तेरा नंबरचं पोरगं आत गेलं, की बघणारे म्हणतात, 'नशीब काढलं.' ज्यांनी सराव पाहिलेला असतो ते काही बोलत नाहीत.

प्रशिक्षकाला छोट्या संघात एक गोष्ट मान्य करावी लागते. आपल्याला हवा तसा खेळ पोरांकडून करून घ्यायला पोरं निवडून आणलेली नसतात. जी आली तीच. मग खेळ पोरांच्या मापानं बेतायचा. उंच पोरगं एकच असेल तर कॉर्नर सगळे त्याच्याच डोक्यावर, पण दुसऱ्या खांबाशी नव्हे, पहिल्या खांबापुढे. तिथे त्यानं नुसतं डोकं लावून दिशा बदलली तरी मागच्यांचं काम होतं, आणि कोणी नीट मारलं नाही तरी बॉल धोक्याच्या जागी पडतोच. लांब थ्रो-इन टाकणारा एक असला तर त्याच्यासाठी टॉवेल ठेवायचा. ओला बॉल हातातून निसटतो, एवढं साधं कारण. पळणारे दोनच असतील तर पहिल्या वीस मिनिटांत त्यांना पळवून दमवायचं नाही. कॉलेजच्या सामन्यांत शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांचे पाय जड होतात, आणि ताज्या पायांना त्या वेळी जो भाव येतो तो सुरुवातीला येत नाही.

तारखांचं एक दुखणं आपल्याकडचंच आहे. पावसाळ्यात प्रवेश, मग जेमतेम सराव, आणि सामन्यांच्या तोंडावर गणपती. अठरातले पाच-सहा कोकणातले. त्यांच्या गाडीचं आरक्षण दोन महिने आधीच झालेलं असतं आणि गौरी-गणपतीला घरी न जाणं हा विषय घरात काढायचीही सोय नसते. याला उत्तर शिस्तीचं भाषण नव्हे. पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने आखायचे, कोण कधी गावाला आणि कोण कधी परत, आणि त्या दिवसांतला संघ आधीच लिहून ठेवायचा. सामना लागलाच तर कोण नाही हे जुलैमध्ये माहीत असतं. ज्यांनी हे केलं नाही ते आदल्या रात्री ग्रुपवर 'कोण कोण आहे उद्या?' असा मेसेज टाकतात आणि तेरा अंगठे मोजतात.

प्रवासाचंही तसंच. सामना मरीन लाइन्सकडे सकाळी आठला असेल तर नेरुळहून साडेपाचच्या आसपासची हार्बर धरायची, सीएसएमटीहून पुढे किटच्या पिशव्या खांद्यावर. रविवार असेल तर मेगाब्लॉक आधी बघायचा. उशीर झाला की समोरच्याला वॉकओव्हर, आणि रेल्वेचं कारण पंचांच्या वहीत लिहिलं जात नाही. वांद्र्याच्या मैदानावर गेलात तर पोरांना एवढं जरूर सांगा, की ते ज्या नेव्हिल डिसूझांच्या नावाचं आहे त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले होते, आणि ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला. बहुतेक पोरांना हे माहीत नसतं. ऐकल्यावर ती बुटांच्या नाड्या जरा घट्ट बांधतात.

आठच्या सामन्याआधी पोटभर खाणं शक्यच नाही, कारण त्यासाठी पहाटे चार-पाचला जेवावं लागेल. म्हणून खरं जेवण आदल्या रात्रीचं: वरणभात, पोळी, बटाट्याची भाजी. सकाळी दीड तास आधी एक-दोन केळी किंवा ब्रेड-जॅम, थोडा चहा. वडापाव सामन्यानंतर. तेलकट पदार्थ पोटात तासन्‌तास बसतो, आणि दुसऱ्या सत्रात कूस धरून वाकलेल्या पोराला विचारलं तर तो स्टेशनबाहेरच्या गाडीचं नाव सांगतो. पाणी माणशी दोन लिटर धरलं तर अठरा जणांचं ३६, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. ऑक्टोबरच्या दमट उन्हात सामन्याआधी आणि नंतर वजन करून बघावं. एक किलो उतरलं तर साधारण लिटरभर घाम गेला, आणि पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पोटात जायला हवं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतून 'स्ट्राँग' करणारा एक जण प्रत्येक संघात असतो, त्याचं पोट त्याला दुसऱ्या सत्रात शिकवतं.

आणि दागिने. कडं, बाळी, साखळी, रबर बँड, सगळं काढावं लागतं. टेप लावून झाकलं तरी चालत नाही. दोऱ्यावरून मात्र पंचागणिक मत बदलतं. आईनं मनगटावर बांधलेला काळा दोरा कापायला पोरगं तयार होत नाही. अशा वेळी शिव्या देण्यापेक्षा किटच्या पिशवीत सुरी नव्हे, एक छोटी डबी ठेवावी. गाठ सोडून दोरा डबीत, डबी सरांच्या खिशात. सामना संपल्यावर तो परत बांधायलाही सरच लागतात, एका हातानं गाठ बसत नाही.

टायब्रेकरपर्यंत गेला नाही असा विजेता छोट्या संघांत क्वचितच सापडतो. पेनल्टीचा सराव सगळेच करतात, आणि सगळेच चुकीचा करतात. चौकोनाच्या कडेला रांग लावून, एकामागून एक, हसत-खिदळत. खरी पेनल्टी तशी मारायची नसते. शूटआउटमध्ये बाकी सगळे मधल्या वर्तुळात उभे असतात आणि मारणारा एकटा चालत जातो. शंभर मीटरच्या मैदानात मध्यबिंदूपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर ३९ मीटर भरतं. पोराचं जे काही व्हायचं ते या ३९ मीटरमध्ये होतं. विसाव्या पावलाला त्याला कोपरा ठरलेला असतो, तिसाव्याला तो बदलतो, ठिपक्यापाशी पोचेपर्यंत दोन्ही विसरतो. म्हणून सरावाच्या शेवटी, धावून दमल्यावर, प्रत्येकाला मधून चालायला लावायचं. बाकीच्यांनी वर्तुळात खांद्यावर हात टाकून गप्प उभं राहायचं. एकेकानं एकच मारायची, चुकली तर दुसरी नाही. बॉल ठिपक्यावर ठेवताना पंचांची शिट्टी होईपर्यंत कीपरकडे बघायचं नाही. टेकवायचा पाय कुठे पडणार ती जागा आधी बुटानं चाचपायची, कारण मुरुमाच्या मैदानात ठिपक्याशेजारी खड्डा झालेला असतो आणि तिथे पाय गेला की बॉल आडव्या दांड्यावरून पलीकडच्या सोसायटीत.

कीपरला एवढंच सांगायचं, की बॉल मारला जाईपर्यंत एका पायाचा थोडा भाग तरी रेषेवर किंवा रेषेच्या वर हवेत राहू दे. पुढे येऊन अडवला तर पेनल्टी पुन्हा घेतात, आणि एकदा अडवलेली दुसऱ्यांदा अडवणं फार अवघड. सामना संपताना जे मैदानात असतात तेच शूटआउटमध्ये मारू शकतात. शेवटच्या पाच मिनिटांत बदली खेळाडू उतरवताना हे विसरणारे प्रशिक्षक मग हातात वही धरून आभाळाकडे बघत बसतात.

शेवटची पेनल्टी जाळीत जाते, आणि साजरं करायला सुरुवात होते. कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं, पेठेपेठेत रात्र जागते. आपल्याकडे सेक्टरमधल्या मैदानावर चाळीस माणसं असतात, त्यातली दहा क्रिकेटसाठी मैदान मोकळं होण्याची वाट बघणारी. तरी आवाज काही कमी होत नाही. ताशा कोणाच्या तरी गावच्या मंडळाचा येतो. गुलाल मैदानात उधळू नये, लगेच दुसरा सामना असतो आणि पांढरी रेषा गुलाबी झाली की यजमान चिडतात. बाहेर येऊन उधळावा, डोळे सांभाळून. जर्सी पॉलिस्टरची असते, ती थंड पाण्यातच भिजवायची. गरम पाण्यात डाग पक्का बसतो, आणि छापलेल्या नंबरावर इस्त्री फिरवली तर नंबर इस्त्रीला चिकटून येतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. फ्लेक्स लावायचा तर महापालिकेची परवानगी हवी. हेही सांगून ठेवतो की फ्लेक्सवर शुभेच्छुकांचा फोटो कीपरच्या फोटोच्या चौपट येणार आहे. त्याला इलाज नाही, छपाईचे पैसे त्यांचेच असतात. नावं मात्र पात्रता अर्जाच्या फाइलवरून उतरवावीत आणि छापण्याआधी पोरांना वाचायला द्यावीत. चुकलेली वेलांटी वर्षभर चौकात लटकते.

कॉलेजातला सत्कार हा वेगळा विषय. भाषणं आधी ठेवली की पदकांची वेळ येईपर्यंत सभागृह रिकामं होतं. पदकं आधी वाटली की पाहुणे रुसतात. मधला मार्ग म्हणजे एकच भाषण, पाच मिनिटांचं, आणि तेही प्राचार्यांचंच. पदकं बहुतेक वेळा मोजून मिळतात, संघ अठराचा तर पदकं अठरा. दुखापतीनं बाहेर बसलेला एकोणिसावा असेल तर त्याचं पदक कॉलेजनं आधी करून आणावं, स्टेजवर ओशाळवाणं व्हायला नको. प्रमाणपत्रावरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळतंय ना, हे त्याच दिवशी बघून घ्यावं. चषक फिरता असेल तर तळाच्या लाकडावर आपल्या कॉलेजची पट्टी किती लांबीची बसते ते मोजून घ्यावं, कारण पुढच्या वर्षी तो परत द्यायचा आहे आणि मागची नावं झाकून आपलं नाव ठोकणं शोभत नाही.

नावं पुकारायचा क्रम मी सुचवीन तो असा: अठरा नंबरपासून उलटे. कर्णधारापासून सुरुवात केली की पहिल्या पाच जणांना टाळ्या मिळतात आणि मग हात दुखायला लागतात. तेराव्या-चौदाव्या नंबरला लोक मोबाइल काढतात, अठराव्यापर्यंत चहा आलेला असतो. उलटं केलं तर सुरुवातीच्या भरातल्या टाळ्या त्याला मिळतात ज्यानं सगळ्या हंगामात एक मिनिटही खेळून पाहिलेलं नाही. कर्णधाराला शेवटी बोलावलं तरी टाळ्या मिळतातच, त्याची काळजी कोणी करू नये. कारकून भाऊ, फक्कीची गाडी उसनी देणारे मैदानावरचे काका, आणि सकाळी सहाला चहा उकळून देणारे कॅन्टीनवाले यांना पहिल्या रांगेत बसवावं. त्यांच्यासाठी नारळ-शाल आणायला विसरतात, आधीच आणून ठेवावी.

मग आठवड्याभरात सगळं निवतं. अठरातले सहा टीवायचे, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, ते पुढच्या वर्षी नसतील. कॉलेजच्या संघाचं आयुष्य एका वर्षाचंच असतं. फलकावरचा फोटो पावसाळ्यापर्यंत राहतो, मग त्याच पिना पुढच्या निवड चाचणीच्या नोटिशीला लागतात. त्याआधी एक काम उरतं. जर्सी जमा करून घेणं. सर टेबलावर रजिस्टर उघडून बसतात, पोरं धुऊन, घडी घालून आणलेल्या जर्सी एकेक ठेवत जातात. कोणाच्या घडीत अजून फक्कीचा पांढरा कण असतो, कोणाच्या शिवणीत गुलाल. सर मोजतात. सतरा भरतात. पुन्हा मोजतात, सतराच. अठरा नंबरची जर्सी कोणाकडे आहे हे त्यांना ठाऊक असतं. ते पोरगं समोरच उभं असतं, खिडकीबाहेर बघत. सर रजिस्टरमध्ये तारीख घालतात आणि लिहितात: एक नग, फाटल्यामुळे बाद.